पेन्सिलीतला निकाल

पेन थांबलाच नाही रे, एवढंच झालं. गोटू, तू परवापासून विचारून राहिला ना, की हिंमत कुठून आणली, तर हिंमत-बिंमत काही नाही, तू मधे बोलू नको, आणि जरा ह्या पायरीवर सरक, तिकडं ऊन आहे. मंगळवारची दुपार होती, तीन वाजले असतील, आणि मी लोटू मापाड्याच्या अपिलाचा आदेश लिहून राहिलो होतो. दोन पानं झाली होती. शेवटची ओळ आली की पेन खाली ठेवायचा आणि पेन्सिल उचलायची, हे माझ्या हाताला इतकं पाठ होतं की मी त्याच्याकडं कधी पाहत पण नव्हतो, आपण घरात शिरताना चपला काढतो तसं. आणि त्या दिवशी हात चपला घालूनच आत गेला. 'अतः अपील स्वीकार की जाती है', आणि पुढं ती हिंदीची उभी रेघ पण मारून दिली. निळ्या शाईत. मंग मी त्या रेघेकडं पाहत राहिलो. वर पंखा नव्हता, नुसता हुक होता, बाहेर कापसाच्या गाड्या उभ्या होत्या, एक बैल सारखी मान हलवत होता, त्याची घंटी ऐकू येत होती, आणि माझ्या कानात एकदम पाणी भरल्यासारखं झालं, तापीत बुडी मारल्यावर होतं ना, तसं. समोर कडूकाका बसलेले. आमचे रीडर, पुकारा करणारे, फायली बांधणारे, नागपूर राजधानी होती तेव्हापासूनचे. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मंग कागदाकडं, मंग पेन्सिलीकडं. ती त्यांनी सकाळीच टोक काढून ठेवलेली होती, तशीच पडलेली. मंग उठून दरवाजा लावून आले.

आता हे पेन्सिलीचं तुम्हाला सांगावंच लागेल. आई गल्लीत सांगत फिरते की आमचा लीलाधर जज झाला. जज कसला. सुनवाई अधिकारी. खात्यानं बाजारातल्या कुणाचं लायसन रद्द केलं, काटा जप्त केला, की तो माणूस अपील घेऊन माझ्याकडं येतो. म्हणजे तो भांडून राहिला खात्याशी, आणि मी बसतो कुठं, तर खात्याच्या इमारतीत, खात्याच्या खुर्चीवर. माझी सी.आर., म्हणजे वर्षाचा गुप्त शेरा, लिहिणार खात्याचे बडे साहेब. मी नोकरीत कायम होईन की नाही, ते पण त्यांच्याच हातात. तर पद्धत अशी की निकाल पेन्सिलीत लिहायचा, फायलीला फीत बांधायची, आणि चार वाजता ती साहेबांकडं जायची, अवलोकनार्थ. दुसऱ्या दिवशी परत. कधी ओळीशेजारी बारीकशी बरोबरची खूण, कधी माझी ओळ खोडून तिथंच साहेबांच्या अक्षरात उलटी ओळ. मंग मी वरून शाई फिरवायची आणि सही करायची. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. मी रुजू झालो त्या दिवशी कडूकाकांनी पेन्सिल हातात दिली आणि म्हणाले, बाबू, पेन तुमचा, पेन्सिल सरकारची. मला वाटलं गंमत करून राहिले. आणि एक सांगू का, रबरानं खोडलं की कागद तिथं पातळ होतो, त्याच्यावर शाई फुटते. माझे तीन वर्षांचे आदेश काढून पाहा, दोन पानं मोत्यासारखी आणि शेवटची ओळ सुजलेली. आशाबाई म्हणून एक होती, धान्याच्या बाजारातली, तिच्या फायलीत मी 'स्वीकार' लिहिलं होतं, ते 'खारिज' होऊन आलं, आणि मी त्या खडबडीत जागेवरून निब फिरवत होतो तेव्हा कागदाला भोक पडलं. बारीकच. मी मागून चिठ्ठी चिकटवली. त्या दिवशी घरी जेवलो पण नाही, पण दुसऱ्या दिवशी जेवलो. माणूस दुसऱ्या दिवशी जेवतोच.

लोटूचं प्रकरण तर एकदम सोपं होतं, हेच तर वाईट. तुम्हाला आठवतं ना, शेर-मण जाऊन किलो आले ते. लोटूदादा बत्तीस वर्षं कापूस मोजणारा माणूस, इन्स्पेक्टरनं त्याला जुन्या मणाच्या वजनांनी मोजताना पकडलं आणि लायसन रद्द. लोटू म्हणे, नवी वजनं आम्हाला दिली कुठं? इन्स्पेक्टर म्हणे, दिली. मी खात्याचंच रजिस्टर मागवलं. तर वजनं खंडव्याच्या गोदामातून इथं बऱ्हाणपूरला पोचली, लोटूचं लायसन गेल्यानंतर बावीस दिवसांनी. खाली सही त्याच इन्स्पेक्टरची. आता ह्याच्यात विचार करायचा काय आहे, तूच सांग. पण वर भोपाळला रिपोर्ट गेलेला होता की ह्या भागात नवी वजनं सगळीकडं वाटून झाली. लोटू जिंकला तर तो रिपोर्ट खोटा. म्हणून लोटू जिंकणार नव्हता. हे मला माहीत होतं, कडूकाकांना माहीत होतं, आणि सुनवाईच्या दिवशी लोटू ज्या तऱ्हेनं उभा होता, त्याला पण माहीतच असावं. त्यानं भांडण केलं नाही. फक्त एवढं म्हणाला, "साहेब, मला दुसरं काय येत नाही. काटा पाहता येतो." आठ महिने तो बाजाराच्या फाटकापाशी बसून होता. दुसरे मोजायचे आणि ह्याची मान काट्याबरोबर हलायची, मी स्वतः पाहिलंय, जाता-येता. मी सायकल जोरात मारायचो तिथून.

तर दरवाजा लावून कडूकाका आले आणि हळूच दौत माझ्या हाताजवळ सरकवली. म्हणाले, सांडून द्या. शाई सांडली की पान खराब, पान खराब झालं की मी शेरा मारतो, नवं पान जोडतो, शेवटची ओळ पुन्हा पेन्सिलीत. तुमच्या आधी ह्या खुर्चीवर बसलेल्या दोघांनी सांडली आहे, असं पण सांगितलं. म्हणजे सांडायची पण एक रीत होती, बघ. आणि त्यांचा आवाज इतका मायेचा होता रे. मुलाला औषध पाजताना असतो तसा. मी दौत धरली. काचेची, गार, बुडाशी शाई वाळून तिची कड झालेली. नुसती तिरपी करायची होती. आणि मला कुठलं आठवावं, तर जसोंडीची कुस्ती. मी आठ वर्षांचा असेन. बाबा तिथल्या शाळेत मास्तर होते, आणि यात्रेतल्या कुस्त्यांच्या दंगलीत पंच म्हणून त्यांनाच बोलवायचे, मास्तर शिकलेला माणूस म्हणून. मी आखाड्याच्या कडेला, एकदम पुढं, मातीचा आणि तेलाचा वास, आणि माझे बाबा पांढऱ्या धोतरात मधोमध उभे. मला वाटत होतं सगळा गाव त्यांचाच आहे. एका पोराची पाठ टेकली. स्पष्ट टेकली, मी पाहिली, माती चिकटली होती पाठीला. आणि बाबांनी हात वर करायच्या आधी मान वळवली. इतकीच, एवढीशी. खाटेवर गावचे पटेल बसले होते, त्यांच्याकडं पाहिलं. मंग म्हणाले, पाठ लागली नाही, पुन्हा धरा. पटेलाचा पुतण्या होता खाली पडलेला. पुन्हा धरली आणि पुतण्या जिंकला. घरी येताना बाबांनी मला शेव-चिवडा घेऊन दिला. मी खाल्ला. मला राग आला नव्हता, ते समजून घ्या. मला नुसतं असं झालं, की ते आखाड्यात एवढे मोठे दिसत होते आणि ती मान वळली तेव्हा माझ्याएवढे झाले. बाबा गेले त्याला दोन वर्षं होतील. चांगला माणूस होता. त्या मानेचं मी कुणाला बोललो नाही, आईला पण नाही. आणि तीन वर्षं मी रोज चार वाजता तीच मान वळवत होतो, फीत बांधून.

आता तुम्ही म्हणाल, मंग हा आधी का नाही बोलला. अरे, संधी आली होती. दोनदा. एकदा भोपाळहून प्रश्नावली आली. नवं राज्य झालं ना, तर सगळाच गोंधळ. ग्वाल्हेरकडं अपिलं ऐकणारे वेगळ्या रीतीनं बसायचे, रीवाकडं वेगळ्या, आमची जुनी नागपूरची रीत तिसरीच, आणि सगळ्यांना एका यादीत आणायचं. म्हणून त्यांनी विचारलं होतं, की तुमच्या आदेशांवर सही होण्याआधी कुणा अधिकाऱ्याचा प्रभाव पडतो काय? मी लिहिलं, होय, पडतो, आणि खाली चार ओळी. कशात लिहिलं? पेन्सिलीत. हसा, हसा. सवय. फाईल गेली साहेबांकडं, दुसऱ्या दिवशी परत आली, माझ्या चार ओळी खोडलेल्या आणि तिथं एक शब्द, 'निरंक', म्हणजे असं काही नाही. मी त्याच्यावर शाई फिरवली आणि भोपाळला पाठवून दिलं. आणि दुसऱ्या वेळेस गजाननभाऊ आले. ते खंडव्याला दुसऱ्या एका खात्यात हेच काम करतात, केस पिकलेले, पानाचा डबा खिशात. पॅसेंजरनं आले होते, घरी आईनं पोहे केले. त्यांच्याजवळ एक अर्ज होता. राज्यातल्या सगळ्या खात्यांच्या सुनवाई अधिकाऱ्यांना आपापल्या खात्यातून काढा, सगळ्यांचं मिळून एक मंडळ करा, ज्याच्याविरुद्ध अपील ऐकायचं त्याच्या घरचं मीठ आम्हाला नको. तेवीस जणांच्या सह्या. मी वाचला. माझ्या पोटात एकदम गोड असं काही झालं, आणि मी म्हणालो, विचार करतो. गजाननभाऊंनी अर्जाची घडी घातली. म्हणाले, "कर बापा. पण विचार पेन्सिलीत नको करू." रागावून नाही, हसतच म्हणाले. त्यांना सोडायला मी लालबागच्या स्टेशनापर्यंत गेलो, वाटभर ते पानच चघळत होते आणि मी बोलत होतो, कसं माझं कायम व्हायचं आहे, कसं आईकडं पाहावं लागतं. गाडी सुटली. सही केली नाही मी. ते तेवीसच राहिले.

तर ती दौत. मी ती किती वेळ धरली होती मला माहीत नाही. कडूकाका म्हणाले, बाबू, चारला दहा कमी आहेत. आणि मी दौत खाली ठेवली. निश्चय केला असं म्हणू नका. मला इतकंच वाटलं की हे पान स्वच्छ आहे. तीन वर्षांत पहिलं. फुटलेलं नाही, खरवडलेलं नाही, शेवटची ओळ वरच्या ओळींसारखीच, एकाच हाताची. मला ते खराब करवेना. एखाद्याला बाळ उचलता येतं पण खाली ठेवता येत नाही, तसं काही. मी म्हणालो, काका, फीत द्या. ते म्हणाले, शिपाई नेईल. मी म्हणालो, नाही, मी स्वतः नेतो. त्यांनी टोपी काढली, टाळू खाजवली, पुन्हा घातली, आणि म्हणाले, नोकरी गेली तर आपल्याकडं जिनिंगमध्ये ओळख आहे.

साहेबांची खोली व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला. बावीस पावलं, मी मोजली, मोजायला नको होती. डोक्यात एकच चालू होतं, की आता सी.आर.मध्ये काय लिहितील. 'उतावीळ.' 'वरिष्ठांचा मान ठेवत नाही.' आईला काय सांगायचं. जज होता, आता नाही. व्हरांड्यात लोटू बसलेला होता, भिंतीला टेकून, गुडघे जवळ घेऊन. मी त्याच्याकडं पाहिलं नाही. आत गेलो. साहेब जबलपूरकडचे, जाड चष्मा, मला कधी वाईट बोलले नाहीत, ते पण सांगून ठेवतो. मी फाईल टेबलावर ठेवली आणि उभा राहिलो. म्हणायचं ठरवलं होतं की साहेब, शाईत लिहिलंय, पण नुसती फितीची गाठ चाचपत राहिलो. साहेबांनी फाईल पाहिली, उघडली नाही. दोन बोटांनी ती माझ्याकडं परत ढकलली, आणि म्हणाले, "अब ये मेरे पास मत लाना." मला वाटलं, संपलं. कडूकाकांनीच सांगितलं असेल. पण मंग त्यांनी एक कागद पुढं केला. भोपाळचा. सकाळच्या डाकेनं आला होता, दोन दिवस उशिरा. मी वाचला, कळला नाही, पुन्हा वाचला. एक तारखेपासून सगळ्या खात्यांचे सुनवाई अधिकारी एका मंडळाखाली. सी.आर. मंडळाचे अध्यक्ष लिहिणार. सहीच्या आधी फाईल खात्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याला दाखवायची नाही. निकाल खात्याला तेव्हाच कळणार, जेव्हा पक्षकाराला कळेल. मी तारीख पाहिली. भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. आज तीन तारीख.

मी न विचारता खुर्चीत बसलो. तीन वर्षांत त्या खोलीत पहिल्यांदा बसलो असेन. आणि साहेब बोलायला लागले रे. खिडकीकडं पाहून, हिंदीतच, थांबून थांबून. तुला वाटत असेल मला खोडायची हौस आहे. संध्याकाळी मला पण फोन येतो. मी सांगतो, लडके ने ठीक लिखा है, तर वरचा म्हणतो, ठीक काय ते आम्ही ठरवू. रबर माझ्या घरून आणलेलं आहे, ऑफिसमध्ये मिळत नाही. असं म्हणून ते स्वतःच थोडं हसले, आणि खुर्चीला मागं रेलले. माझ्या बाबांच्या वयाचा माणूस, आणि कुणीतरी डोक्यावरचा भारा उतरवून घेतल्यासारखी त्यांची मान दिसत होती. मला एकदम पटेलाची खाट आठवली, आणि वाटलं, त्या पटेलाच्या पण मागं कुणी बसलेलं असेल काय, खाटेवर. कोण जाणे. मी उठलो, फाईल घेतली. दरवाज्यापर्यंत गेलो तर साहेबांनी मागून विचारलं, "वैसे, लिखा क्या है?" आणि गोटू, खरं सांगतो, माझा हात फितीकडं गेला. आपोआप. फीत अर्धी सुटली पण. मंग मी ती पुन्हा बांधली आणि म्हणालो, "लोटूदादाला सांगतो साहेब. त्याच्याबरोबरच तुम्हाला कळेल." त्यांनी चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं, मंग चष्मा पुसला आणि समोरचा दुसरा कागद ओढला.

बाहेर लोटू. आमच्याकडं निकाल कधी त्याच दिवशी सांगत नसत, चार दिवसांनी ये म्हणायचं, सगळ्यांना तेच. मी त्याच्यासमोर उभा राहून सांगितलं, लोटूदादा, तुमचं अपील मंजूर झालं, लायसन परत. तो उठला पण नाही. म्हणाला, "कच्चं का पक्कं?" मला समजलंच नाही. तो म्हणाला, बाजारात सगळे असंच विचारतात, पेन्सिलीचं कच्चं, शाईचं पक्कं, कच्च्यावर पेढे नाही वाटायचे. तीन वर्षं, यार. मला वाटत होतं ही आमची आतली गोष्ट आहे. मी फीत सोडली, खाली सही केली आणि पान दाखवलं. त्याला वाचता येत नाही. त्यानं अंगठ्याला थुंकी लावली आणि शेवटच्या ओळीवरून फिरवला. शाई थोडी पसरली, निळा झाला अंगठा. तो अंगठा त्यानं उजेडात धरून पाहिला, काटा पाहतो तसा, एक डोळा बारीक करून, आणि म्हणाला, हाव. पक्कं. दुसरं काही नाही. टोपी झटकली आणि चालला बाजाराकडं, पळत नाही, पण जोरात. कडूकाका दारात उभे होते. म्हणाले, आदेशावर डाग पडला बाबू. मी म्हणालो, राहू द्या.

रात्री झोप छान लागली, हे सांगायला लाज वाटते. कारण मी काय केलं? तेवीस जणांनी सही केली होती, मी नाही. पत्र सकाळपासून साहेबांच्या टेबलावर होतं. मी ती शाई सांडली असती, तरी लोटू जिंकलाच असता, पुढच्या आठवड्यात, नव्या पानावर. हे मी सायकलवर रोज स्वतःला सांगतो, आणि तरी पायडल हलकं लागतं, काय करू. गजाननभाऊंना कार्ड टाकलं, की सही करायला हवी होती. उलट टपाली उत्तर आलं, आता मंडळाच्या हजेरीपटावर कर.

आणि काल. काल मी शनवाऱ्याच्या बाजारात भाजी घ्यायला गेलो. गेल्या आठवड्यात मी एका भागाबाईचं अपील खारिज केलं होतं. भाजीवाली आहे, पारड्याच्या बुडाशी चिंच चिकटवलेली सापडली म्हणून काटा जप्त झाला होता, आणि ती म्हणे मी चिंच विकतेच, उडाली असेल. उडून पारड्याच्या खालून चिकटली. मी काटा मागवून घेतला, चिंच हातानं काढून पाहिली, बोटानं दाबून बसवलेली, ठसा दिसत होता. शाईत लिहिलं, खारिज. कुणाला विचारलं नाही. तर मी बाजारात शिरलो आणि ती समोरच. नवा काटा घेऊन बसलेली. मला पाहिलं आणि सुरू झाली. आजवर अपील हरलेले लोक काय म्हणायचे, सरकारचं वाटोळं होवो, खात्याचं वाटोळं होवो. ही उभी राहून म्हणाली, "ए लीलाधर, मथुराबाईच्या पोरा, तुझ्या हातानं लिहिलंस ना तू, तुझ्या त्या हाताला खाज सुटो." माझं नाव घेऊन, आईचं नाव घेऊन, भर बाजारात. सगळी माणसं वळून पाहायला लागली. मला काय झालं सांगू, माझ्या पाठीतून असं गार वारं गेलं, आणि मी तिथंच उभा राहून हसायला लागलो, थांबेचना. हो ना, मीच लिहिलं. माझ्याच हातानं. ती आणखी भडकली. म्हणाली, हसतो काय, घ्यायचं आहे का काही, नाही तर हो बाजूला. मी म्हणालो, मावशी, पाव किलो वांगी द्या. तिनं काटा उचलला, दोन्ही पारडी उलटी करून मला दाखवली, नवं वजन टाकलं, वांगी टाकली, एक जास्त झालं ते काढून घेतलं, लहान टाकलं, काटा मधोमध येईपर्यंत धरून ठेवला, आणि पिशवीत ओतली. कढीपत्त्याची एक काडी पण वर टाकली नाही.